आधी रांग, मग दुकान

निवृत्तीनंतर धंदा काढावा असं मनात आलं की माणसानं ते मनातच ठेवावं. हुबळीत सल्ला विचारला तर पहिला प्रश्न येतो, "मार्जिन किती?" आणि धारवाडात विचारला तर, "कशाला?" १९६२ साली दोन्ही गावांची महापालिका एक झाली, डोकी मात्र वेगळीच राहिली.

तरी मी पेढ्याचा धंदा ठरवला. प्लेगच्या साथीमुळे उन्नावहून इकडे आलेल्या ठाकूर घराण्यानं धारवाडला पेढा दिला, असं सांगतात. लाइन बाजारातल्या त्यांच्या दुकानापुढची रांग आजही गावाची शान आहे. पेढ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हणजे नाव तयार, गिऱ्हाईक तयार. उरलं काय, तर खवा परतणं. तो तांबूस होईस्तोवर हात मोडतो, पण ते काम बायकोनं केलं.

चाचणीसाठी पुण्याचे मेहुणे आयतेच आले होते. रात्री स्टीलच्या डब्यातून पेढा दिला. "जरा करपलाय का हो?" म्हणाले. सकाळी त्याच घाण्यातला पेढा एका नामांकित दुकानाच्या रिकाम्या खोक्यातून पुढे केला. मेहुण्यांनी डोळे मिटले. "वा! हा खरपूसपणा पुण्यात नाही मिळायचा!"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन घाणे मलाच परतावे लागले.

जिभेला डोळे असतात, हे मला तेव्हा पटलं. जमीन कसणाऱ्यांचंही तेच. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर काढला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष भिनेल! नांगर विकत घ्यायला माणसं मिळेनात. नंतर त्याच नांगरानं कारखाना उभा केला, गाव वसवलं. लोखंड तेच होतं, फक्त शेजाऱ्याच्या शेतात ते चालताना दिसलं.

तेव्हा मी भांडवलाची यादी नव्यानं केली. खवा-साखर तळाला. वरती 'मूळ व अस्सल' अशी पाटी, जुनाट दिसणारं खोकं, 'माल संपला' हा फलक (दुकान उघडण्याआधीच लावायचा) आणि रांगेत उभी राहायला रिकामी माणसं. हा शेवटचा माल धारवाडात मुबलक. पेन्शनरांचंच गाव हे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना विचारलं, तर सगळे एका पायावर तयार झाले.

अट एकच घातली : उभं राहण्याबद्दल पैसे नकोत, पाव-पाव किलो पेढे द्या. पण लाइन बाजारातले.