सतारीवर आयत्या वेळी कसे सुचावे?

(होतकरू कलावंत, त्यांचे कुटुंबीय आणि सोसायटीचे सभासद यांच्यासाठी)

सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून दर डिसेंबरात काही पुणेकरांची खात्री पटते, की सतार मांडीवर घेऊन डोळे मिटले की राग आपोआप उलगडतो. जानेवारीत ते सतार घेतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास तिच्यावर गवसणी चढते. अशा सर्वांसाठी पुढील मार्गदर्शन.

1. वाद्य. सतार मिरजेचीच घ्यावी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी तलवारींची धार सोडून तारांचा धंदा धरला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानात एक तार छेडून "जवारी जरा बंद वाटते" असे म्हणावे. जवारी म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला आणलेला झंकार. तो कमी-जास्त करता येतो, त्यामुळे तुमचे मत सहसा कोणी खोडत नाही.

2. जुळवणी. वरच्या सात तारा आणि खालच्या अकरा ते तेरा तरफा लावता लावता पहिली संध्याकाळ संपेल. खचू नये. 1971 मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ नुसते सूर जुळवत होते, तरी श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. पुण्यात मात्र हा प्रयोग करू नये. इथे पहिल्या रांगेतले काका "षड्ज अजून चढा आहे" असे शेजाऱ्याला सांगतात, आणि तो खरोखरच चढा असतो.

3. राग. एकच घ्यावा आणि तो यमन असावा. आरोहात षड्ज-पंचम बहुधा टाळून निषाद, रिषभ, गंधार असे चढावे. वादी गंधार, संवादी निषाद. आता गंधारावर किती वाटांनी येता येईल ते पाहावे. सुचत नसेल तर शार्ङ्गदेवाला शरण जावे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी देवगिरीला बसून त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि स्वरांची उलटापालट ओळीने मांडायची खंडमेरूची रीत त्यात दिली. तीन स्वरांच्या सहा रचना होतात, चारांच्या चोवीस, साती स्वरांच्या 5040. म्हणजे सुचण्याचा प्रश्न महाराष्ट्रात तेराव्या शतकातच सुटला. यांतल्या कोणत्या रचना ऐकताना यमन वाटतात, एवढेच ठरवायचे राहिले आहे, आणि त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात.

4. हात. उजव्या तर्जनीत नखी घालावी आणि दा, रा, दिर हे बोल घोटावेत. डाव्या हाताने तार पडद्यावर आडवी खेचली की मींड निघते. चांगल्या हातांना एकाच पडद्यावरून पाच स्वरांपर्यंत जाता येते, नवख्यांची तार दुसऱ्या स्वरावरच तुटते. बोटाच्या पेरावर काळी चीर पडेल. तिला खोबरेल तेल लावावे आणि समारंभात चहाचा कप त्याच हाताने धरावा. जे गळ्यातून निघत नाही ते सतारीतून काढायला जाऊ नये. आधी गुणगुणावे, मग वाजवावे.

5. तिहाई. सुचल्यासारखे दिसण्याचा हा सर्वांत खात्रीचा उपाय. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा स्वर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकायचा. तीन मात्रांचा तुकडा असेल तर त्रितालात नवव्या मात्रेला, म्हणजे खालीवर, सुरुवात करावी. तीन त्रिक नऊ, सम आपसूक येते. तुकड्यांमध्ये एकेक मात्रा थांबायचे असेल तर सातवी मात्रा धरावी. हा हिशेब आदल्या रात्री वहीत करावा. सम आली की स्वतःलाच नवल वाटल्यासारखे तबलजीकडे पाहून हसावे. तिसऱ्या रांगेतल्या आजी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत असतात, त्यांच्याकडे चुकूनही पाहू नये.

6. गुरू. हा टप्पा टाळता येईल का, अशी विचारणा वारंवार होते. नाही. बीनकार बंदे अली खाँ यांनी अखेरची वर्षे पुण्यात काढली, त्यांची कबरही इथेच आहे. त्यांचे शिष्य रहिमत खाँ यांनी धारवाडला सतार रुजवली, आणि रहिमत खाँ यांचे नातू उस्मान खाँ यांनी ती पुन्हा पुण्यात आणून शिकवली. एवढा प्रवास कागदावरून झालेला नाही. गुरू एक जागा वाजवतात, तुम्ही तिच्या दहा करून दाखवता, त्यांतल्या नऊंना ते "नको" म्हणतात आणि दहावीला नुसते "हं". उपज, म्हणजे आयत्या वेळचे सुचणे, शिकवायची पद्धत ती हीच. घरी जाऊन त्या "हं"चा अर्थ लावावा.

7. वेळ व शेजारी. रियाज रोज एकाच वेळी करावा, म्हणजे शेजाऱ्यांना बाहेर पडायची वेळ ठरवता येते. एकेकाळी 'सवाई' रात्रभर चाले आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळत. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आली आणि ते राग मंडपातून जवळजवळ गेले. पहाटे चारला ते तुमच्या फ्लॅटमध्ये पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा.

8. अपेक्षित परिणाम. वरील सर्व केल्यास एखाद्या मैफलीत, तुम्ही काहीही ठरवलेले नसताना, हात अशा जागी जाईल जिथे तो पूर्वी गेला नव्हता. ती जागा घोटलेल्या हजार जागांच्या शेजारचीच असेल. आयत्या वेळी सुचते ते एवढेच, आणि तेवढे पुरते. नंतर कोणी "हे आत्ता सुचलं का हो?" असे विचारले तर बेधडक "हो" म्हणावे. वीस वर्षांचा हिशेब सांगत बसलात तर त्यांची शेवटची बस चुकेल.