जवाईबापू गाडीखाली

गाडीखालून आवाज येतो, हे मला बायकोने सांगितलं. मी म्हटलं, ‘रस्ता खराब आहे.’ ती म्हणाली, ‘गाडी उभी आहे.’

गाडी म्हणजे २००६ची मारुती आठशे. आमच्याकडे ती तिसऱ्या हाताने आली. ‘डॉक्टरांनी वापरलेली,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्यातलं ‘वापरलेली’ एवढं खरं निघालं. कंपनीने हे मॉडेल जानेवारी २०१४ मध्ये बनवणं बंद केलं. त्यानंतरही जो ते चालवतो तो आपोआप अर्धा मेस्त्री होतो, अशी माझी समजूत. उरलेला अर्धा मी मोबाइलवर व्हिडिओ बघून झालो.

धुळ्यातल्या गॅरेजात गाडी नेली की आवाज बंद. डॉक्टरसमोर बसल्यावर दाढ दुखायची थांबते, तसं. मेस्त्री म्हणायचा, ‘भाऊ, आवाज तर काही येत नाही.’ मग मीच त्याला निदान सांगितलं : ‘स्टॅबिलायझरचे बुश गेलेत.’ त्याने निमूटपणे बदलले. आवाज होता तिथेच. पुढच्या आठवड्यात मी मागच्या शॉकअपवर संशय घेतला. तेही बदलले. गाडी खड्ड्यांतून पालखीसारखी जाऊ लागली आणि उभी राहिली की पुन्हा खडखड. साडेचार हजार गेले. घरी मी ‘ती कामं निघालीच होती’ असं म्हणालो. घरी कुणी काही म्हणालं नाही, हे जास्त लागलं.

तेवढ्यात आखाजी आली. आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर खान्देशात सूर्य उगवतो की नाही, याची मला शंका आहे. माझी सासुरवाडी नरडाण्याची. सोनगीर मागे टाकून तिथे पोचेपर्यंत महामार्गावर गाडी अगदी गप्प. रात्री खापरावरचे मांडे आणि आमरस. सकाळी गार गाडी चालू केली आणि अख्ख्या गल्लीला कळलं की जावई आलेत.

सासरे, म्हणजे अप्पा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. निंबाखाली बाजेवर बसून त्यांनी विचारलं, ‘आवाज कथाईन येस?’

‘लोअर आर्मचा बुश असणार,’ मी म्हणालो.

‘न्यूट्रलमा टाका आनि रेस द्या.’

जाग्यावर उभ्या गाडीचा बुश कशाला वाजेल, हे त्यांना सुचवायचं होतं. मला ते जुन्या काळातलं वाटलं. मी त्यांच्याकडून बारा-तेराचा पाना मागून घेतला. एसटीच्या दिवसांतला पाना; दांड्यावर लाल ऑइलपेंटने त्यांच्या नावाचं अक्षर. पुढची चाकं दगडांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि गोणपाट टाकून खाली शिरलो.

गाडीच्या पोटाखाली माणूस लहान होतो. डोळ्यांत गंज पडतो, भुवईवर ऑइलचा थेंब पडतो. निंबाला बांधलेल्या झोक्यावरच्या पोरी झोका थांबवून वाकून बघत होत्या. एकीने विचारलं, ‘भाऊजी अडकले का?’ मी दिसेल तो नट आवळला. कुठला कशाचा, हे विचारू नये. हाताला आधार हवा म्हणून पाना आडव्या पत्र्यावर ठेवला, चाकाचा दांडा हलवून बघितला, ‘हं’ असं म्हणालो आणि बाहेर आलो.

गाडी चालू केली. खडखड.

अप्पा उठले. चपला घातल्या. स्वतःच पेडलवर हात दाबून रेस दिली : आवाज गेला. सोडली : आला. मग गाडी बंद करून काठीने सायलेन्सरच्या पाइपवर टकटक केलं. एका जागी खण्ण वाजलं. ‘हाऊ पत्रा वाजस. बाकी काही नही.’

पाइपाची धग वर लागू नये म्हणून त्यावर बसवलेलं पातळ पत्र्याचं झाकण. त्याचा एक बोल्ट गंजून गेला होता. तीन सिलिंडरचं इंजिन जाग्यावर थरथरतं तेव्हा पत्रा पाइपाला लागून वाजतो. रेस वाढली की थरथर बदलते, तापला की पसरून घट्ट बसतो. म्हणून तो गॅरेजात गप्प आणि माझ्या दारात बोलका. घराच्या कुंपणाची बाइंडिंग तार दोन वेढे घालून आवळली. खर्च शून्य. शॉकअपची पावती मी खिशात खोल ढकलली.

संध्याकाळी निघालो. नरडाणा सुटेपर्यंत चिडीचूप. मग : टण. थोड्या वेळाने : टण टण. बायकोने माझ्याकडे बघितलं. ‘तार बसतेय जागेवर,’ मी म्हणालो. टोलनाक्याआधीच्या पट्ट्यांवर गाडी चढली, ‘टण्णऽ’ झालं आणि एकदम शांतता.

‘बसली,’ मी म्हणालो.

नाक्यावर रांगेत उभे होतो, तर मागून एक शेंगावाला पळत आला. काचेवर टकटक करून त्याने हात वर केला.

‘भाऊ, हाऊ पाना तुम्हना शे का?’

लाल अक्षर उन्हात चमकत होतं.

‘नाही बुवा,’ मी म्हणालो.

बायकोने तिकडची काच खाली केली. ‘द्या इकडे. अप्पांचा शे.’