बुरशीची खानदानी शाखा

स्ट्रॉबेरीच्या डब्यात वरचा थर नेहमी देखणा असतो. खाली एखादं फळ करड्या लोकरीची कानटोपी घालून बसलेलं सापडतं आणि आपण फळवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. पण बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी बहुतेक वेळा स्ट्रॉबेरी फुलावर असतानाच आत शिरलेली असते. फळ हिरवं, आंबट असेपर्यंत ती गप्प. साखर भरली, साल मऊ झाली, की बाई उठतात. फ्रिजचाही त्यांना धाक नाही; शून्य अंशाच्या आसपासही त्या सावकाश वाढतात.

हिची खाण्याची रीत निराळी. आधी पेशी मारायची, मग खायची. रोग आला की झाडं आपल्याच आसपासच्या पेशी मारून टाकतात, म्हणजे जिवंत पेशींवर जगणारा शत्रू उपाशी मरावा. हिच्यापुढे ही युक्ती म्हणजे आयतं वाढलेलं ताट! शिवाय ती आरएनएचे बारीक तुकडे झाडाच्या पेशीत सोडते आणि झाडाच्याच यंत्रणेकडून त्याची संरक्षक जनुकं गप्प करवते. हे 2013 साली उघड झालं. गुलाब, हरभरा, टोमॅटो, द्राक्ष, हिला काहीही चालतं. यजमान वनस्पती दोनशेच्या वर. 2012 साली वनस्पतिरोगतज्ज्ञांनी बुरश्यांची क्रमवारी लावली, तेव्हा भाताच्या करप्याखालोखाल हिचाच नंबर लागला. पहिला हुकल्याचं तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

फ्रान्समध्ये मात्र हिचा थाट काही और. बोर्डोच्या दक्षिणेला सोतेर्न इथं सिरों नदीचं गार पाणी गारोन नदीला मिळतं. शरदात सकाळी धुकं, दुपारी ऊन. धुक्यात बुरशी द्राक्षाची साल भेदते, उन्हात पाणी उडून जातं आणि आत साखर दाटते. सुरकुतलेले, केसाळ मणी वेचायला मजूर त्याच मळ्यात पुन्हापुन्हा फेऱ्या मारतात. तिथल्या शातो द'इकेम या मळ्यात एका वेलीमागे वाईन निघते जेमतेम पेलाभर. या कुजण्याला तिथं 'उमदी कूज' म्हणतात. आपल्या द्राक्षबागाइतदारासमोर हा शब्द उच्चारून बघाच.

अर्थात ऊन पडलं तर उमदी. पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी तोच घड सरळ नासवते. 2012 साली हवामानानं घोळ घातला आणि इकेमनं त्या वर्षाची गोड वाईन काढलीच नाही. तिथं फळवाल्याला नावं ठेवायचीही सोय नव्हती.