मंगळवारचे नेपल्स

बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाने सारे जग पाहिलेले असते, हा आमच्या मालवण-वेंगुर्ले भागातील एक दृढमूल समज असून, रजेवर घरी आलेल्या खलाशाला मुकाट्याने सोसाव्या लागणाऱ्या आपत्तींमध्ये त्याची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. ‘रोम बघितलंस असशील’ असे एखाद्या वडीलधाऱ्याने कौतुकाने म्हटले, की होकार द्यावा की खुलासा करावा, असा पेच पडतो. कारण प्रवाशांच्या पत्रिकेत रोमचे म्हणून जे बंदर छापलेले असते ते चिव्हिताव्हेक्किया हे गाव रोमपासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे, आणि दुपारचे ताट उचलल्यापासून रात्रीच्या पंगतीची मांडामांड सुरू होईपर्यंत जी तीन-साडेतीन तासांची मोकळीक पदरी पडते, तिच्यात आगगाडीने रोमला जाणे आणि परत येणे एवढेच बसते. रोम पाहणे तिच्यात बसत नाही. स्तांदाल हा विख्यात फ्रेंच कादंबरीकार १८३१ पासून याच गावी फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून तैनात होता व कंटाळा आला की खुशाल रोमला निघून जात असे. पण त्याची कचेरी सायंकाळी सहा वाजता नांगर उचलून चालू लागत नव्हती.

त्यातून किनाऱ्यावर उतरणे हीही आमच्या बाबतीत मेहेरबानीची बाब. बंदरात असताना आगबिग लागली तर हाताशी असावेत म्हणून ठरावीक माणसांनी बोटीवरच राहिले पाहिजे असा दंडक आहे आणि त्याची पाळी सर्वांवर फिरते. पाळी चुकली तर कवायत निघते. कवायत नसली तर आम्ही हिशेबाच्या दप्तरातले लोक असल्यामुळे नेमका त्याच सकाळी कुठल्या तरी मद्यशाळेचा ताळा आठ डॉलरांनी बसत नाही. या सर्वांतून निभावून, गळ्यातले ओळखपत्र गँगवेवरील यंत्राला दाखवून मनुष्य एकदाचा धक्क्यावर आला, की तो काय करतो? फुकट वायफायची खानावळ गाठतो, त्यातल्या त्यात स्वस्त कॉफी मागवतो आणि घरी व्हिडिओ कॉल लावून मुलाच्या गणिताच्या पेपराची चौकशी करतो. बार्सिलोना, मार्सेय, पालेर्मो या नगरांच्या वास्तुवैभवाविषयी आमच्यात मतभेद झाल्याचे मला स्मरत नाही. कोणत्या चौकात परवलीच्या शब्दावाचून इंटरनेट मिळते, या प्रश्नावर मात्र दोन तट पडतात.

मी नेपल्सपुरता या शिरस्त्याला अपवाद होतो. त्या हंगामात आमची बोट सात दिवसांच्या फेऱ्या करी आणि दर मंगळवारी सकाळी नेपल्सला लागे. तेव्हा एकरकमी जे पदरात पडत नाही ते हप्तेबंदीने घ्यावे, असा मी व्यवहार ठरविला. एका मंगळवारी धक्क्यासमोरचा कास्तेल नुओव्हो हा किल्ला. दुसऱ्या मंगळवारी १७३७ साली उघडलेली सान कार्लो नाट्यशाळा, अर्थात बाहेरून. तिसऱ्या मंगळवारी म्युनिचिपिओ चौक, जेथे भुयारी रेल्वेसाठी खणताना रोमन काळची जहाजे गाळात रुतलेली सापडली. (त्यांवरील खलाशांना शहर पाहण्यास किती तासांची रजा होती, याचा उल्लेख कोठे आढळत नाही.)

मग कामाची अदलाबदल करून अर्धा दिवस मोकळा केला आणि व्हेसुव्हियसला वळसा घालून जाणाऱ्या लहान गाडीने पाँपेईला गेलो. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गडप झालेले आणि १७४८ पासून खणून काढले जात असलेले ते नगर पाहताना इतर लोक मृत्यूच्या विचाराने गंभीर होतात. मी रस्त्याच्या कडेच्या खानावळींपाशी रेंगाळलो. चिरेबंदी कट्टा, त्यात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण, आणि वाढणाऱ्याने आत व गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहायचे, ही सारी रचना आमच्या नवव्या मजल्यावरील बुफेसारखी इतकी हुबेहूब होती की मला कामावर आल्यासारखे वाटू लागले. पुढे ‘फॉनचे घर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या विस्तीर्ण वाड्यात शिरलो. दहा लाखांहून अधिक चिमुकल्या खड्यांनी घडविलेले, बोडक्या डोक्याच्या सिकंदरापुढून रथात उभा असलेला दारा पळ काढतो आहे असे ते जगद्विख्यात चित्र याच घराच्या जमिनीवर सापडले. पण आज तेथे आहे ती नक्कल. अस्सल चित्र नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. अंगणात नाचणारा तो काशाचा चिमुकला फॉनही नक्कल, अस्सल संग्रहालयात. पलीकडच्या भिंतींवरील उत्तमोत्तम चित्रे जुन्या काळीच कापून नेलेली, तीही संग्रहालयात. पाँपेई पाहावयाचे तर नेपल्सला गेले पाहिजे, हे ज्ञान पाँपेईत पोहोचल्यावर होते.

आणि नेपल्सचे हे संग्रहालय मंगळवारी बंद असते.

आठवड्याचे सहा दिवस ते उघडे असते, आणि ते सहाही दिवस मी अन्यत्र कोठे तरी, बहुधा पाण्यावर, असे. सिकंदराचे मला फारसे वाईट वाटले नाही. आपल्याकडे तो पंजाबातूनच परत फिरला, त्याची आमची ओळख नाही. जीव तुटला तो एका हस्तिदंती बाईसाठी. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली आणि दोन दासींसह उभी असलेली एक भारतीय मूर्ती सापडली. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले, आता यक्षी म्हणतात. पण तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात निघाल्यामुळे ही बाई मूळची तिकडचीच असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पाँपेईतील शृंगारिक वस्तूंसाठी संग्रहालयाने जे ‘गुप्त दालन’ राखले आहे, त्यात तिचा मुक्काम आहे. एके काळी तेथे केवळ प्रौढ वयाच्या आणि सदाचरणी म्हणून ख्याती असलेल्या पुरुषांनाच परवाना मिळे. आता ही अट उठली असून, मंगळवार वगळता, कोणत्याही चारित्र्याच्या माणसाला आत जाता येते.

ही हकीकत मी एका रात्री भटारखान्यातील आमच्या देवगडच्या गाववाल्याला सविस्तर सांगितली. तो कांदा चिरीत होता. सुरी न थांबविता त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “एजंटान किती घेतल्यान तिच्याकडसून?”

त्या काळी एजंट नसावेत, असे मी म्हणालो.

“मग कसली गो ही तऱ्हा! दोन हजार वर्सां झाली आणि अजून साइन-ऑफ नाय? सही करूच्या आधी काँट्रॅक्ट वाचूक होया होता बायेन.”