टाकवत नाही म्हणून

चिंध्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या बिचाऱ्या टाकल्या तिथे पडून असतात. तक्रार आहे ती त्या आणून देणाऱ्यांबद्दल.

मुळात रायपुरात गोधडी शिवणं हाच संशयास्पद उद्योग. मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो आणि थंडी म्हणावी अशी डिसेंबर-जानेवारीत येते, ती नीट ओळख व्हायच्या आत निघून जाते. गोधडी लागते ती एसी 18 वर ठेवून कुडकुडणाऱ्या मुलांना. तरी मी शिवते. एरवी याचा कुणाला त्रास झाला नसता, पण एका हळदीकुंकवात तात्यापाऱ्यातल्या काकूंनी विचारलं, "तुम्ही गोधड्या शिवून राहिल्या म्हणे?" तात्यापारा म्हणजे आमच्या गावातली जुनी मराठी वस्ती. तिथे बोललेलं चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत जायला वेळ लागत नाही. मंडळ 1935 सालचं आहे. बातम्या पोचवण्याची व्यवस्था त्याहून जुनी असावी.

तेव्हापासून पिशव्या येतात. "आमच्या घरातली अडगळ घ्या" असं कुणीही म्हणत नाही. म्हणतात, "टाकवत नाही हो, म्हटलं तुमच्या उपयोगी पडेल." एवढं बोलून माणूस हलका होतो, चहा पितो आणि जातो. त्याचं कपाट मोकळं, मन मोकळं, आणि आमच्या दिवाणाचं झाकण आता बसल्याशिवाय लागत नाही.

पिशवीत काय असतं? ब्लाउजपीस बहुधा 80 सेंटिमीटरचा. त्यातून ब्लाउज बेतल्यावर उरलेलं कापड परत द्या म्हटलं, की शिंपी काखेच्या अर्धचंद्राकृती कातरणी अत्यंत प्रामाणिकपणे परत करतो. सरळ, रुंद पट्टी मात्र त्याच्या टेबलाखाली विरघळते. हे अर्धचंद्र माझ्याकडे येतात. दोन बोटांहून अरुंद तुकडा दोन्हीकडून दुमडला, की शिवण तेवढी उरते, कापड उरत नाही. हे देणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "तुम्ही कराल काहीतरी, तुमच्या हातात कला आहे." कलेवर इतका विश्वास आणि कचऱ्याच्या डब्यावर इतका अविश्वास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तर हे सगळं लावायचं. व्हिडिओतल्या बायका चिंध्यांना इस्त्री करतात, पुठ्ठ्यावर गुंडाळतात आणि इंद्रधनुष्याच्या क्रमाने फळीवर उभ्या करतात. त्यांच्या ओळखीत तपकिरी टेरीकॉट घालणारं कुणी नसावं. मी रंगांप्रमाणे लावायला घेतलं, तेव्हा लाल आणि निळ्याच्या दोन सुबक चवडी झाल्या आणि बाकीचं सगळं 'फुलाफुलांचं' या एकाच रंगात गेलं. मग कापडाच्या जातीप्रमाणे. हे शहाणपणाचं आहे, कारण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेरीकॉट जागचं हलत नाही, आणि दोन्ही शेजारी शिवली तर गोधडीला सुरकुत्या पडतात. चांप्याचा रेशमी कोसा दिसायला राजस, पण कडेने इतका उसवतो की धावदोरा घालेपर्यंत निम्मा झालेला असतो. शिवाय पंडरीच्या बाजारातून आलेल्या निम्म्या कापडांची जात दुकानदारालाही ठाऊक नसते. तो 'फॅन्सी' म्हणतो. माझा 'फॅन्सी'चा डबा सर्वांत मोठा आहे.

शेवटी लावलं ते माणसांप्रमाणे, कारण माणसं तपासायला येतात. "आमच्या बंटीच्या मुंजीतल्या झब्ब्याचा तुकडा कुठे लावलात?" असं विचारताना गोधडीची चारही टोकं उचलून बघतात. तुकडा दिसला नाही तर चेहरा पडतो. दिसला तर म्हणतात, "पायाकडे लावलात होय?" टाकवत नव्हतं म्हणून दिलेल्या वस्तूला डोक्याकडची जागा हवी असते. गोधडी कुणाची, माझी का मंडळाची, असा प्रश्न आता मी विचारत नाही.

ही लावालावी न करताही लोकांचं भागतं. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत लावत गोल फिरत मध्याकडे जायचं आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर छोटी 'फुलं' टाचायची. जुने कपडे हाताशी घेऊन बसायचं आणि लावत जायचं. फळ्या नाहीत, डबे नाहीत. आणि आपल्या गाडगेबाबांना लोक चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. त्यांनी चिंध्या थेट अंगावर चढवल्या आणि हातात खराटा घेतला. साठवण आणि साफसफाई असे दोन्ही प्रश्न एकदम निकालात. मला यातलं काहीच जमण्यासारखं नाही. मला दिवाण आहे, आणि दिवाणावर बसून "यात काय ठेवलंय एवढं?" असं दर रविवारी विचारणारे यजमान आहेत. डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'सुती, लहान' या डब्यात सध्या कूलरचे स्क्रू आहेत.

अखेर मी मन घट्ट केलं. सगळे अर्धचंद्र एका पिशवीत भरले, तोंडाला गाठ मारली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीवर दिली. गाडीवरच्या मुलाने गाठ सोडली, एक तुकडा बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाला, "बने कपड़ा हे दीदी, काबर फेंकथव?" चांगलं कापड आहे, का फेकता? मी म्हटलं, याचं काही होत नाही. त्याने शेजारच्या काकूंकडे पाहिलं. काकू फाटकात उभ्याच होत्या. त्यांनी त्याला सांगितलं की दीदी कथरी, म्हणजे गोधडी, शिवतात, फार छान शिवतात, आज जरा थकल्या असतील. त्याने पिशवी मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा त्याने स्वतःच हाक मारली. कुणाच्या तरी कचऱ्यातून नीट निवडून, झटकून ठेवलेल्या चिंध्यांची एक पिशवी त्याने आमच्या फाटकाला अडकवली. बहुतेक टेरीकॉट होतं.