निरोपाचा नारळ

सतरा वर्षांच्या वार्ताहरकीचा निरोप व्हॉट्सॲपवर आला : ‘जिल्हा पान बंद होत आहे. ऋणानुबंध कायम राहतील.’ ऋण तर कायम आहेच, मार्चपासूनचं मानधन यायचंय. मी नोकरीत कधी नव्हतोच, त्यामुळे राजीनामा फेकायचीही सोय नाही.

हिशेब कॉलम-सेंटिमीटरवर. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. वीज नाही, रेंज नाही. गाडीवर फोन चार्ज करून बातमी धाडली. छापून आली सहा सेंटिमीटर, खाली टायरची ऐसपैस जाहिरात. मला खरं पोसलं ते मुंबई-गोवा महामार्गाने. चौपदरीकरण २०११पासूनचं, दर गणपतीला खड्ड्यांचा तोच लेख, वरचं साल तेवढं बदलायचं. (यंदाचाही तयार आहे. कुणाला हवा असल्यास सांगा.)

मग रीतसर सत्कार. मे महिन्यात, अलिबागला, शाल! आणि वाडीत बावीस माड असलेल्या माणसाला नारळ. घरी आईने तो कानाशी हलवला, शेंडी निरखली आणि म्हणाली, “अरे, हा आपलाच. मंगळवारी बाजारात घातले त्यातला.”