अंगणातला ससा घरात: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

साहित्य: वयात आलेला ससा, नग एक. घमेलं, एक (सिमेंट कालवलेलं चालत नाही). गोणपाटं, घरभर पुरतील एवढी. ठिबकच्या जुन्या नळ्या. कोरडं गवत, रोज सशाएवढाच एक ढीग. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची परवानगी, एक. हे शेवटचं साहित्य भोकरदनच्या बाजारात मिळत नाही, जालन्याच्याही नाही.

लागणारा वेळ: मला आठ दिवस सांगितला होता. आमचा ससा दसरा झाल्यावर घरात आला. होळी आली तरी पद्धत चालूच होती.

पायरी पहिली: ससा ओळखा

आमच्या केदारखेड्यात ससा म्हटलं की दोन जनावरं निघतात आणि दोन्हींना आपण एकाच नावाने हाक मारतो. पूर्णेच्या काठाने तुरीच्या ओळींतून सुसाट सुटतो तो रानससा. तो बीळ करत नाही, झुडपाखाली खळगा करून बसतो. त्याचं पिल्लू अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडूनच जन्माला येतं. त्याला पकडणं, घरी पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सोयाबीन काढताना असं पिल्लू एकटं दिसलं की 'आई टाकून गेली बिचाऱ्याला' म्हणत टोपीत घालून आणणारे पुष्कळ. आई टाकून गेलेली नसते. ती दिवसा पिल्लाजवळ बसतच नाही. अंधार पडल्यावर येते, पाजते, निघून जाते. पिल्लू होतं तिथेच राहू द्या आणि विळा दोन तासं पलीकडे चालवा.

बाजारातून खोक्यात घालून आणतो तो पाळीव ससा. त्याचं मूळ घराणं स्पेन-पोर्तुगालकडचं, बिळात राहणारं. त्याची पिल्लं उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. ही पद्धत त्याच्यापुरतीच आहे. घराणं बिळातलं आहे एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

पायरी दुसरी: मुहूर्त

उन्हाळ्यात घाई करू नका. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते दोन कान. तिशीच्या पुढे पारा गेला की तो कासावीस होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळिशी ओलांडणं ही बातमीसुद्धा नसते. घर म्हणजे गार, असंही धरून चालू नका. धाब्याचं घर असेल तर ससा नशीबवान. पत्र्याचं असेल तर दुपारी बारानंतर त्यापेक्षा अंगणातला लिंब बरा. ऐन थंडीतही एकदम आत ओढू नये, कारण तोवर अंगावर दाट केस आलेले असतात. पावसाळा सरल्यानंतरचे दिवस उत्तम.

आम्ही मुहूर्त पाहिलाच नाही. एका रात्री दोन कुत्री खुराड्याच्या जाळीशी येऊन भुंकली. जाळी शाबूत राहिली, पण दोन सशांतला एक सकाळी आडवा पडलेला होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही. ससा नुसत्या धसक्यानेही जातो. उरलेल्याला मी त्याच दिवशी आत आणलं. चार वर्षं अंगणात काढलेला, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा नर. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली. कान धरून उचलणारे स्वतःला पटाईत समजतात. मागच्या पायांना आधार नसला तर एका झटक्यात सशाचा कणा मोडू शकतो.

पायरी तिसरी (ही खरं तर पहिली): परवानगी

आजी ओसरीवर तूर निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कामून आनलं रे हे आत?"

मी कुत्र्यांचं सांगितलं.

"जनावर गोठ्यात, मानूस घरात. उद्या म्हैस आनशील." आणि थोड्या वेळाने, "देवघराकडं फिरकलं न्हाई पायजे."

याला परवानगी समजावं.

पायरी चौथी: फरशी

आमच्या घरात स्टाईल बसवलेली आहे, गुळगुळीत, पाहुण्यांनी बूट काढल्यावर जपून चालावं अशी. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. मग तीन दिवस तो एका गोणपाटावर बसून राहिला. पुढे पूर्णेला पूर आलाय आणि पूल पाण्याखाली आहे, असा चेहरा. नाक हलत नव्हतं. सशाचं नाक सतत हलतं. ते थांबलं की तो फार घाबरलाय किंवा गाढ झोपलाय, आणि डोळे उघडे असल्याने कोणतं ते नवशिक्याला कळत नाही.

उपाय साधा: सुरुवातीला एकच खोली द्या, तीही आधी कोपऱ्यापुरती, आणि गोणपाटाला गोणपाट जोडत रस्ता वाढवत न्या. आमच्याकडे हा रस्ता दिवाणाखालून सुरू झाला. तिथे जाऊन त्याला ओढून काढायचं नाही. दिवाणाखालची जागा सशाची, हा सातबारा आम्ही पहिल्याच आठवड्यात मान्य केला.

पायरी पाचवी: घमेलं

ससा मुतायला एकच कोपरा धरतो, ही त्याची खरी सभ्यता. कोपरा कोणता हे मात्र तो ठरवतो. मी घमेलं मोरीजवळ ठेवलं. त्याने टीव्हीखालची जागा पसंत केली. आठवडाभर मी घमेल्याकडे बोट दाखवत होतो. अखेर घमेलं टीव्हीखाली गेलं, तळाला कागद, त्यावर गवत, दोन-चार लेंड्या खुणेला ठेवल्या, आणि प्रश्न मिटला. तो तिथेच बसून गवतही खातो. आजीला हे पाहवलं नाही. तिला पुढचं मी अजून सांगितलेलं नाही: ससा पहाटे मऊ, गुच्छासारख्या वेगळ्या लेंड्या थेट बुडाशी तोंड नेऊन खातो. घाण नव्हे ती. पहिल्या फेरीत आतड्यात तयार झालेली जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत अंगी लागतात. म्हैस रवंथ करते, हा असा करतो.

नर ससा कोपरा सोडून इतरत्रही फवारा मारू लागला, तर त्याला बाहेर हाकलू नका, त्याचं ऑपरेशन करून घ्या. मात्र सशाला भूल देण्याची सवय असलेला डॉक्टर आधी शोधा. आपल्याकडच्या डॉक्टरांचा हात बैल-म्हशींवर बसलेला असतो. दोन किलोच्या जनावराला किती औषध, हा हिशेब वेगळा.

सहावी आणि सातवी पायरी वहीच्या ज्या पानावर लिहिली होती ते पान सशाने खाल्लं. आठवतं तेवढं सांगतो. खाणं एकदम बदलू नका. कोरडं गवत हे जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं. दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. लसूण घास मोठ्या सशाला बेताने. ज्वारीचा कोवळा फुटवा मुळीच नको. किरळ गुरांना लागते, तशी त्याच्याही मुळावर येईल. गाजर हे चित्रातल्या सशाचं खाणं. खऱ्याला ते पेढ्यासारखं, कधीतरी. पाणी वाटीत, भरपूर. 'सशाला पाणी लागत नाही' म्हणणाऱ्याला एक दिवस नुसत्या कडब्यावर ठेवून बघा. आंघोळ कधीच नको. दहा-बारा तास खाल्लं नाही तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर गाठा. सशाला ओकता येत नाही. आतडं थांबलं की सगळं थांबतं.

आणि वायरी. बोअरच्या मोबाइल स्टार्टरचा चार्जर त्याने संध्याकाळच्या चहाच्या सुमारास निकालात काढला. ससा दिवसा पेंगतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला कामावर असतो. ठिबकची जुनी नळी उभी चिरून वायरीवर चढवली, की काम भागतं.

पायरी आठवी: कापूस

ही पायरी पुण्या-मुंबईच्या वाचकांनी सोडून दिली तरी चालेल.

भाव वाढेल म्हणून आम्ही पुढच्या खोलीत कापूस भरला होता, आढ्यापर्यंत. २०२१-२२च्या हंगामात क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेलेला भाव इथे अजून कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून घराघरातला कापूस त्या आकड्याची वाट बघत बसतो आणि घरातली माणसं खाजवत बसतात. एका संध्याकाळी त्या खोलीचं दार उघडं राहिलं. पांढरा ससा, पांढरा कापूस.

हाका मारून उपयोग नव्हता, तो आजवर कुठल्याच हाकेला आला नव्हता. घरातला थोरला पोरगा कापूस उपसायला लागला तशी आजीने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. "ढीग बसंल त्याच्या अंगावर. दिवा घालवा अन् गप बसा." आम्ही अंधारात बसलो. बऱ्याच वेळाने मी टॉर्च लावला, तर ढिगाच्या मध्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दोन लाल ठिपके चमकत होते. आजीने कोथिंबिरीची जुडी हलवली. ठिपके हळूहळू खाली आले.

कापूस पोटात गेला तर आतडं तुंबतं, आणि कच्च्या सरकीत सशाला बाधणारं विष असतं. पुढचे दोन दिवस आख्खं घर लेंड्या मोजत होतं. आजी आकडा विचारायची, जसा बाजारभाव विचारतात तसा.

फाल्गुनात व्यापारी माप करायला आला. दहा हजार काही झाले नव्हते. ढीग उतरवताना मधोमध एक बोगदा निघाला, आतून लाटून काढल्यासारखा गुळगुळीत, आणि त्याच्या टोकाला मूठभर लेंड्या. व्यापाऱ्याने एक चिमटीत धरली, उजेडात नेली. "ही कसली सरकी म्हनायची?"

आता वजनातून किती कट्टी कापेल, याचा मी विचार करत होतो. ससा दिवाणाखालून निघून गोणपाटाच्या रस्त्याने उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथे आजीच्या पायाशी बसला. तिने लुगडं जरा आवरून घेतलं.

"त्याला मापात धरू नका," ती म्हणाली. "ते घरचं हाय."